चपला बाहेर

दुकान उघडलं त्या दिवशी आई दारात चपला काढून आत आली, आणि सगळे हसले.

महाडच्या बाजारपेठेतलं ते पहिलं दोन मजली दुकान. साड्यांपासून कुकरपर्यंत सगळं एका छपराखाली. मी साड्यांच्या काउंटरवर होते, नवा निळा कोट घालून. आई पोलादपूरच्या वरच्या वाडीवरून उतरून एसटीने आली होती. दारातून तिला चकचकीत फरशी दिसली. आमच्याकडे सारवलेल्या घरात कुणी चपला घालून शिरत नाही. तिने त्या काढल्या, पायरीच्या कडेला नीट जोडून ठेवल्या. बाजारातली माणसं बूट घालून तिच्या शेजारून आत गेली.

मालकीणबाईही हसल्या. मग मला म्हणाल्या, "या लोकांना बरं कळतं. वाडीवरचं कुणी आलं की चपला बाहेर काढायला सांगत जा."

मी हो म्हणाले. ही माझी आई आहे, एवढं बोलायला तोंड उघडलं नाही. मला लाज वाटली होती. मालकीणबाईंची नव्हे, आईची.

आईने माझ्या तोंडाकडे पाहिलं. काउंटरपाशी आली आणि म्हणाली, "बाई, येक लुगडा दाखवा."

दाखवा. पोटच्या पोरीला. मी दाखवलं. ती न घेताच गेली. पुन्हा कधी दुकानात आली नाही.

मग दाराशी चपलांचा रॅक आला. मी गिऱ्हाइकाच्या तोंडाआधी पाय बघायचे. टाचेला भेगा दिसल्या की बोट रॅककडे. कितीजणांना सांगितलं, आठवत नाही. काही वाटेनासं झालं होतं. एका पुरात रॅक वाहून गेला, परत कुणी केला नाही. तेव्हाही काही वाटलं नाही.

परवा मालकांच्या मुलाने मोबाइल माझ्यासमोर धरला. दुकानाला पंचवीस वर्षं होतायत, इतिहासाचा व्हिडिओ करायचाय, सगळ्यात जुनी मीच. कागदावर लिहूनच आणलं होतं त्याने. 'गावची माणसं देवळात यावीत तशी, श्रद्धेने चपला काढून आमच्या दुकानात येत.'

"म्हणा ना, मावशी."

काउंटरवर 'नाय' म्हटलं की मालकीणबाई सगळ्यांदेखत तीनदा 'नाही' म्हणवून घ्यायच्या. तेव्हापासून 'नाय' दुकानात माझ्या तोंडून निघालं नव्हतं.

"नाय बोलनार," मी म्हणाले. "पयली चपला काढनारी माझी आय होती. तिला सगळे हसले. मी पन गप रायले."

त्याने मोबाइल खाली घेतला.

रविवारी दुकानाचा वाढदिवस आहे. नोकरी राहो न राहो, मी आईला आणणार. चपला घालून. आणि दारात, सगळ्यांना ऐकू जाईल अशी हाक मारणार. आये.