गेल्या वर्षीचा कढीपत्ता

मुलांनो, हे मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, एखादा शब्द आईबाबांना विचारावा लागेल, तरीही. इंग्रजी मी आयुष्यभर शिकवलं. त्या भाषेत मला कुठलीही गोष्ट इस्त्री करून सांगता येते. ही गोष्ट तशी सांगायची नाही.

माझा गच्चीबागेचा ग्रुप तुम्हाला माहीत आहे. ‘आजीच्या कुंडीवाल्या मैत्रिणी’ म्हणून तुम्ही हसता. इंटरनेटवर बागेच्या एका पानावर कुणीतरी विचारलं होतं की टोमॅटोची फुलं का गळतात. त्यावर वाद इतका लांबला की आम्ही आठ-नऊ जणी तिथून उठून आमचा वेगळा ग्रुप करून बसलो. एक नागपूरची, एक इंदूरची, एक रत्नागिरीची, एक लासूर स्टेशनची, आणखी काही जणी. एकीनं दुसरीला प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं. लासूर आमच्यापासून तासाभरावर, पण तीही कधी भेटली नव्हती. कुरिअरनं बियांच्या पुड्या मात्र सारख्या इकडून तिकडे जायच्या, त्यामुळे सगळ्यांचे पत्ते सगळ्यांकडे.

आमची रीत अशी: सकाळी चहाच्या आधी आपल्या झाडांचा फोटो टाकायचा. तो त्या दिवशीचाच हवा. काल फुललेला गुलाब आज दाखवायचा नाही आणि फोटोसाठी गळलेली पानं झाडायची नाहीत. ही रीत मीच घालून दिली, आणि कुणी चुकली की मीच टोकत असे. म्हणून माझं नाव ‘मॅडम’ पडलं.

फोटोंच्या खाली हळूहळू घरं उघडी व्हायला लागली. नागपूरचीचा गुडघा. इंदूरचीची सून रुसून माहेरी गेली ती परत आली, पुन्हा गेली. रत्नागिरीचीचे यजमान वारले तेव्हा तिचे फोटो थांबले. आम्ही पाळीपाळीनं तिला रोज फोन करायचो. कधी ती बोलायची, कधी नुसता पंख्याचा आवाज यायचा. मग एका सकाळी तिनं मातीनं भरलेल्या रिकाम्या कुंडीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, ‘मेथी पेरलीय.’ त्या दिवशी आम्ही सगळ्याच रडलो असणार. मी तरी रडले. लासूरवाली लिहीत नाही, बोलून पाठवते. तिच्या सासूबाई बरीच वर्षं अंथरुणाला खिळलेल्या आहेत. “आज म्हातारीनं दोन घास जास्त खाल्ले, आन् मला तीन शिव्या जास्त दिल्या,” असं तिचं चालायचं.

मी सगळ्यांना उत्तरं द्यायची. वेळेवर, पूर्ण वाक्यांत. स्वतःच्या घराबद्दल मात्र मी झाडांपलीकडे काही लिहिलं नाही. त्याला मी सभ्यपणा समजत होते.

आता आजोबांचं. दिवाळीनंतर ते विसरायला लागले, एवढं मी तुमच्या बाबांना सांगितलं होतं. पुढचं सांगितलं नाही. होळीच्या सुमारास त्यांना लघवीची जाणीव राहीनाशी झाली. लिहिलं एकदाचं.

डॉक्टरांना दाखवलं. वयाचं आणि मेंदूचं आहे, सांभाळून घ्या म्हणाले. बाजारात मिळतात ते मोठ्यांचे लंगोट आणले, पण ते अंगावर ठेवत नाहीत, ओढून काढतात. म्हणजे दिवसाला दोन-तीन चादरी, खालची दुलई, पायजमे. आणि आपल्याकडे पाणी कसं येतं ते तुम्ही सुटीत पाहिलं आहे. आठवड्यातून एकदा नळ, आणि वैशाखात तोही चुकवतो. पिंपात साठवलेलं पाणी चादरींना पुरवायचं की कुंड्यांना, असा प्रश्न होता. मी चादरींना दिलं. मोगरा वाळला, जास्वंदीनं माना टाकल्या. गच्चीच्या दोरीवर, फोटोत जिथं फुलं यायची त्याच जागी, डाग न गेलेल्या चादरी.

हे कुणाला दिसता कामा नये, एवढाच एक विचार माझ्या डोक्यात होता. कालव्याच्या कामावर ज्यांची जीप आली की माणसं उठून उभी राहायची, त्यांच्या चादरी चारचौघींनी का पाहाव्यात? त्यांची अब्रू राखते आहे, असं मी स्वतःला बजावत होते. खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही मी दारातूनच वाटेला लावायची.

माझे जुने फोटो महिन्यांप्रमाणे लावून ठेवलेले आहेत. मी गेल्या वर्षीचे त्याच दिवसांचे काढले आणि रोज एक टाकायला लागले. तोच महिना, तीच फुलं, तसंच ऊन. कुणाला संशय यायचं कारण नाही. खरं सांगते, ही युक्ती सुचली तेव्हा मला थोडा आनंदच झाला होता.

फक्त कढीपत्ता माझ्या लक्षात आला नाही. यंदा त्याला पांढरी कीड लागली होती आणि अख्खा ग्रुप त्याच्यावर उपचार करत होता. एकीचं आंबट ताक, एकीचं कडुनिंबाचं तेल, एकीचं तंबाखूचं पाणी. शेवटी सगळ्यांनी मिळून निकाल दिला आणि गुढीपाडव्याला मी तो गुडघ्याएवढा छाटला. त्याच्या खुंटाचा फोटोही टाकला होता. आणि गेल्या वर्षीच्या फोटोत मोगऱ्याच्या मागे तो खांद्याएवढा, हिरवागार उभा. मी मोगऱ्याकडे पाहत राहिले.

त्यांनी मात्र कधी काही म्हटलं नाही. ‘मॅडम, मोगरा काय सुंदर!’ ‘दृष्ट काढा त्याची.’ कढीपत्त्याबद्दल अवाक्षर नाही.

मग एका दुपारी लासूरवालीचा फोन आला.

“मॅडम, एक इचारू का? रागवायचं नाय.”

“विचारा ना.”

“तुमचा कढीपत्ता लई जोरात वाढलाय. पाडव्याला कापला, आन् अक्षय तृतीयेला तुमच्या खांद्याला लागला. कोणतं खत घातलं ते आमालाबी सांगा.”

मी म्हणाले, “गांडूळखत.”

या वयात, इतकं सहज.

“मॅडम, आमी पयल्याच दिवशी पाहिलंय.”

“आम्ही म्हणजे?”

“समद्यांनी. पर घरात कायतरी मोठं झाल्याबिगर तुमी शिळा फोटो टाकणार नाय, हे काय आमाला कळत नाय व्हय? म्हणून कोणी बोललं नाय. आमी दुसरा ग्रुप काढलाय.”

“कसला?”

“तुमाला सोडून. तुमच्यासाठीच. नागपूरवालीनं नाव ठिवलंय, ‘मॅडमचं काय बिनसलंय’.”

मी फोन ठेवला. कान तापले होते. वर्गात फळ्याकडे तोंड करून लिहिताना मागे पोरी हसतात, तेव्हा जसं पाठीलाच कळतं, तसं काहीतरी. फरक एवढाच की या हसत नव्हत्या. रोज सकाळी माझं खोटं त्या सगळ्या ओळखत होत्या, वर त्याचं कौतुक करत होत्या, आणि मी ‘धन्यवाद’ लिहीत होते. चिडून मी ग्रुप सोडला. फोनही बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराची बेल वाजली. दारात एक ठेंगणी, रुंद चेहऱ्याची बाई, डोक्यावर पदर, हातात मोठी पिशवी. तोंड उघडेपर्यंत मी ओळखलं नाही.

“क्रांती चौकापसून रिक्षावाल्यानं तीन चकरा मारल्या. पत्ता हाय बरोबर, पर घर सापडंना. तुमचा फोन बंद.” मग माझ्याकडे नीट पाहून म्हणाली, “आत येऊ का हितंच उभी राहू?”

मी दार अर्धंच उघडलं होतं आणि त्या अर्ध्यात मी उभी होते. घरात कसला वास येतो हे मला माहीत होतं. तिलाही आला असणार. मी काहीतरी बोलत होते, आज जरा गैरसोय आहे, यांना बरं नाही. तेवढ्यात आतून आजोबांचा आवाज आला, “कोण आलंय? बसायला सांग.”

ती मला वळसा घालून आत गेली. पलंगाजवळ खुर्ची ओढून बसली.

“नमस्कार काका. लासूर स्टेशनवरून आले.”

“लासूर!” त्यांचा चेहरा उजळला. “त्या बाजूला कालव्याच्या कामावर होतो मी. काळी जमीन. पावसात जीप रुतायची. बैल लावून काढायचे लोक.”

“आमचेच असतील बैल.”

“मग तेव्हाचे आभार राहिलेत,” ते म्हणाले, आणि दोघं हसली. घरात कुणी हसल्याचा आवाज मी बऱ्याच दिवसांनी ऐकला. मी दारातच उभी होते.

मग ते तिच्याकडे किंचित झुकले आणि आवाज खाली आणून, पण मला स्पष्ट ऐकू येईल असं, म्हणाले, “माफ करा, उठून बसता येत नाही. गादी ओली आहे. पहाटेपासून. हिला सांगू नका. हिला फार लाज वाटते.”

मुलांनो, मी आजवर लाज वाटल्याचं पुष्कळदा म्हटलं असेल. तो शब्द मी उगाच वापरत होते. ते ओल्यात पडून राहत होते. मला हाक मारायची नाही म्हणून. चादर बदलताना मी काही बोलत नव्हते, पण माझा चेहरा त्यांना दिसत असणार. जो माणूस कालची तारीख विसरतो, त्याच्या लक्षात माझा चेहरा राहिला होता.

लासूरवालीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तेवढी दया तिनं केली. “ओली हाय तर वाळवू की काका,” ती म्हणाली. “ऊन काय कमी हाय का तुमच्या शहरात?” आणि पिशवीतून मेणकापड काढलं, जुन्या मऊ लुगड्यांच्या घड्या काढल्या. “मॅडम, तिकडून धरा.”

दोघींनी मिळून त्यांना वळवलं, पुसलं, कोरडं केलं. ती सारखी बोलत होती. सासूबाई कशा चिमटा काढतात, जावई कसा लसूण सोलतो. आजोबा ऐकत होते. ती सांगेल ते मी धरत होते, सांगेल तिथून सोडत होते.

चहा होताना तिनं माझा फोन सुरू करायला लावला आणि मला पुन्हा ग्रुपमध्ये घेतलं. “आता काढा फोटो.” मी गच्चीत गेले. खरं तेच लिहायचं म्हणून लिहिते: आधी दोरीवरच्या चादरी काढून आत टाकल्या, मगच वाळक्या कुंड्यांचा फोटो काढला. तिनं पाहिलं. फोटोखाली मी लिहिलं, ‘यजमानांना लघवी कळत नाही. पाणी चादरींना जातं.’ तीनदा खोडलं, चौथ्यांदा पाठवलं.

नागपूरचीचं उत्तर लगेच आलं. धीर धरा वगैरे काही नाही. ‘अहो मॅडम, साबण लावायच्या आधी चादर साध्या पाण्यात खळबळून घ्या आणि ते पाणी कुंड्यांना घाला. त्याच्यासारखं खत नाही.’ इंदूरचीनं लिहिलं, ‘दुप्पट पाणी मिसळून, नाहीतर मुळं जळतील.’ त्यावर दोघींचं प्रमाणावरून भांडण जुंपलं. लासूरवालीनं ते आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवलं.

ते विचार करून म्हणाले, “म्हणजे सिंचनाचं काम अजून माझ्याकडेच आहे.”

लासूरवाली हसता हसता खुर्चीवरून उठून भिंतीला टेकली. मी हसले का, आठवत नाही.

संध्याकाळच्या गाडीनं ती गेली. आता दुपारी इंदूरचीचा फोन येतो, आणि तो माझ्यासाठी नसतो. ती आजोबांशी बोलते. तिच्या गावात पाणी कसं आहे, ते विचारतात. रोज तेच विचारतात, ती रोज नव्यानं सांगते.

हे सगळं तुम्हाला लिहू का, असं मी त्यांना विचारलं. म्हणाले, “लिही. त्यांना माहीत नाही?” मी म्हणाले, नाही. तर म्हणाले, “मला वाटायचं, मुलं मला प्रश्न का विचारत नाहीत.”

त्याचं उत्तर मी देते. रविवारी तुमचा फोन येतो तेव्हा मी त्यांना कडक इस्त्रीचा सदरा घालते आणि फोन असा धरते की छातीच्या खालचं काही दिसू नये. तुम्ही काही विचारलंत की ते शब्द शोधत असतानाच मी उत्तर देऊन टाकते. मग म्हणते, आजोबा दमले, आता आजीशी बोला. ते दमलेले नसायचे. तुम्ही त्यांना विचारणं सोडलंत ते माझ्यामुळे.

या रविवारी मी फोन त्यांच्या हातात देईन. हात हलतो, त्यामुळे कधी पंखा दिसेल, कधी मेणकापड, कधी नुसता कान. एक वाक्य पुरं करायला त्यांना बराच वेळ लागतो आणि मधे ते पूर्ण थांबतात, फोन तुटल्यासारखं वाटतं. तुटलेला नसतो. थांबा. कालव्याचं विचारा, जीप रुतायची ते विचारा. मी तिथं थांबले तर मधे बोलल्याशिवाय मला राहवणार नाही, म्हणून तेवढा वेळ मी स्वयंपाकघरात जाऊन बसणार आहे.