आईची साक्ष

देवाची वेळ, देवाची वेळ! हे शब्द ऐकले की अजूनही माझं डोकं सणकतं.

आईला काचबिंदू होता. डॉक्टरांनी थेंब दिले होते, रोज दोनदा, जन्मभर घालायचे. गेलेली नजर परत येत नाही, आहे ती सांभाळायची, असं स्पष्ट सांगितलं होतं. आईनं दोन महिने घातले, तिला बरं वाटलं, आणि एका रविवारी चर्चमध्ये ती साक्ष द्यायला उभी राहिली. देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर उठून सांगायचं, ही आमच्याकडची रीत. आई म्हणाली, "प्रभूनं माझे डोळे बरे केले." टाळ्या झाल्या. मीही वाजवल्या. थेंबांचा गुण देवाच्या नावावर गेला तर काय बिघडलं, असं वाटलं मला. त्या दिवसापासून बाटली फ्रिजच्या दारात तशीच पडून होती, ते बघायची अक्कल मला झाली नाही.

कळलं ते वर्षभरानं. महिला मंडळाच्या प्रार्थनेत आई तेविसावं स्तोत्र वाचत होती, खणखणीत. मी शेजारीच होते. तिच्या मांडीवर पवित्र शास्त्र उघडं होतं, ते शेवटच्या नकाशांच्या पानावर! सगळं पाठ म्हणत होती बया. डावा डोळा पुरता गेला होता आणि उजव्यानं अक्षर लागत नव्हतं.

"थेंब का बंद केलेस?" घरी आल्या आल्या मी विचारलं.

"साक्ष दिल्यावर कसे घालू? देवाला खोटं पाडू व्हय?"

"आणि डोळा गेला त्याचं काय?"

"त्याची येळ आली की दिसंल. आब्राहामानं पोरासाठी पंचवीस वर्षं वाट बघितली की."

"अगं, आब्राहामाला काचबिंदू नव्हता!" मी इतक्या जोरात ओरडले की शेजारीण खिडकीतून डोकावली.

उजवा डोळा वाचवायचा तर ऑपरेशन याच आठवड्यात करायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. बुधवार ठरला. मंगळवारी आईनं नवंच काढलं, "उद्या पाण्याचा दिवस हाय. पुढच्या आठवड्यात बघू."

आमच्या सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. माझी तिडीक मस्तकात गेली. "पाणी किती वाजता येणार ते तरी कुणाला माहितीय? तरी आदल्या दिवशी पिंपं घासून, पाइप लावून ठेवतेस ना? तिथं नाही हात जोडून बसत! पाण्यासाठी धावपळ आणि डोळ्यासाठी देवाची वाट? काही वाटतं का तुला?" आईला असं बोलू नये. मी बोलले.

आईनं पवित्र शास्त्र माझ्या हातात दिलं. "लाजराचं वाच. उशिरा आला, तरी मेलेल्याला उठवलंच की प्रभूनं."

वाचलं. लाजर आजारी पडतो, बहिणी निरोप धाडतात, आणि प्रभू मुद्दाम दोन दिवस थांबतो. पोचतो तेव्हा लाजराला पुरून चार दिवस झालेले. मार्था त्याला तोंडावर सुनावते, तू इथं असतास तर माझा भाऊ मेला नसता. तिथं माझा आवाज फाटला. मलाही त्याला हेच सुनावायचं होतं. एवढा उशीर कशाला लावलास? आणि हिच्या डोक्यात हे खूळ भरलंच कसं?

"थांब," आई म्हणाली. "मार्था हे कुटं म्हणाली? घरात बसून?"

मी मागची ओळ बघितली. तो येतोय हे ऐकून मार्था उठून वाटेवर गेली होती. घरात बसून राहिली होती ती तिची बहीण मरीया.

"सकाळी किती वाजता निघायचं?" आईनं विचारलं.

उजवा डोळा वाचला. डावा गेला तो गेलाच. पुढच्या महिन्यात काळा चष्मा लावून आई पुन्हा साक्ष द्यायला उभी राहिली. "मागं मी खोटं बोलले. डोळे बरे झाले नव्हते. एक माझ्या हट्टानं गेला. दुसऱ्यासाठी देवानं डॉक्टर दिला, आणि मी त्याला वर्षभर दारात उभं केलं."

एक टाळी वाजली नाही. पहिल्या साक्षीला हात दुखेस्तोवर वाजवणारे सगळे खाली बघत होते. आई बसली, माझा हात चाचपडून धरला आणि कुजबुजली, "दहा वाजले का गं? थेंब घालायचे हायत."

पाळकसाहेबांचा आशीर्वाद चालू होता. मी पर्समधून बाटली काढली.