भिंगावर हातोडी

ग्रुपवरच्या बायांनो, आज बोयसरला जाऊन हात पोळून आले. राग जात नाय म्हणून लिहितेय.

माझी नात पोलिटेक्निकला शिकते. वर्षभर काच घासून तिनं घरीच दुर्बीण केली. डोळा लावायचं भिंग बसवायला अॅल्युमिनियमची नळी हवी होती, म्हणून आमी दोघी नळ्या कातून देणाऱ्या लेथवाल्याकडं गेलो. माप कागदावर लिहून नेलं होतं, भिंगपण सोबत होतं. भिंग आत-बाहेर सरकवलं तरच चांदणी साफ दिसते, म्हणून नळी जरा सैल पाहिजे, असं पोरीनं त्याला दोनदा सांगितलं.

तो माझ्याकडं बघून म्हणाला, "माँजी, ढीला काम हम नहीं करते."

नात म्हणाली, "आजी, त्याला सांग ना. माझं माप बरोबर हाय."

"गप गं," मी म्हटलं. "त्याची हयात लेथवर गेली, तू त्याला शिकवतेस?"

त्यानं नळी घट्ट मापाचीच कातली, भिंग आत जाईना. मग बेरिंग ठोकतात तशी भिंगावर हातोडी मारली. भिंग तडकलं. "काँच ही कच्चा था," म्हणाला आणि चहा मागवला. तो मी प्यायले पण.

रिक्षात पोरीनं तडकलेलं भिंग रुमालात गुंडाळलं. घरी आल्यावर म्हणाली, "पुढच्या वेळी मी एकटी जाईन."

त्याला शिव्या घालायला मला कोणी शिकवायला नको, जन्म मासळीबाजारात गेला. पण पोरीला गप मी केलं. खरं सांगा, शिकलेली पोर शेजारी उभी असताना तुमीपण परक्या बाप्याचंच ऐकता का?