रिंग काही निघेना

चाकाच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. पंक्चर काढायला आलेला माणूस दहा मिनिटं स्टुलावर टेकतो, चहा येतो, आणि उठताना तो एक किस्सा मागे ठेवून जातो. ब्रह्मपुरीला माझं आणि रशीदभाईचं असंच एक दुकान होतं. तिथले किस्से लोक अजून मला पुन्हा पुन्हा सांगायला लावतात आणि पोट धरून हसतात. मीही हसतो. पण खरं सांगू? त्या दिवसांत आम्हा दोघांचा जीव मेटाकुटीला आला होता!

सगळे किस्से एकाच वस्तूचे. हबची रिंग!

दोन हजार सालानंतर आमच्या भागात मॅगव्हीलचं वेड आलं. चंदेरी, चकचकीत चाकं नागपूरहून यायची. ती कुठल्याही गाडीला चालावीत म्हणून त्यांचं मधलं भोक मोठं ठेवलेलं असे. गाडीचा हब, म्हणजे ज्याच्यावर चाक चढतं तो मधला लोखंडी उंचवटा, त्यापेक्षा लहान. ती फट भरायला बांगडीसारखी एक ॲल्युमिनियमची रिंग टाकायची, म्हणजे चाक बरोबर मधोमध बसतं आणि स्टेअरिंग थरथरत नाही. एवढंच तिचं काम.

पण स्टेपनी जुनी, लोखंडीच राहायची. तिचं भोक नेमकं हबच्या मापाचं. म्हणजे रस्त्यात मॅगव्हील फुटलं, चाक काढलं आणि रिंग हबलाच चिकटून राहिली, की स्टेपनी काही केल्या आत बसायची नाही. गाडी जागच्या जागी खलास! आणि रिंग चिकटणारच, कारण आम्ही तिला ग्रीस लावलंच नव्हतं. ग्रीस लावलं की उन्हात वितळून चंदेरी चाकावर काळे ओघळ यायचे आणि गिऱ्हाईक भांडायला यायचं. म्हणून आम्ही दोघं शहाणे हब फडक्यानं कोरडा पुसून रिंग चढवत होतो.

आमची ही चूक आम्हाला कधी कळली? एकोणीस गाड्यांना रिंगा चढवून झाल्यावर!

तेव्हापासून रशीदभाईला एकच धास्ती. तो रोज सकाळी शटर उघडताना म्हणायचा, "वसंता, या एकोणीसमंधली एक गाडी जंगलात अडकन. अन् अंदर कोणी बिमार माणूस राहीन. पाह्यजो तू."

* * *

पहिली रिंग अडकली ती एका मास्तरांची. त्यांना गाडी विकायची होती. मॅगव्हील स्वतःकडे ठेवून जुनी लोखंडी चाकं परत लावून द्या, म्हणाले. आम्ही म्हटलं, अर्ध्या तासाचं काम.

चारही चाकं काढली. चारही रिंगा हबवर बसलेल्या! रॉकेल टाकलं, छन्नी लावली, हातोडी मारली. रिंग जागची हलेना. मास्तर स्टुलावर बसून उत्तरपत्रिका तपासत होते. सकाळी बसले ते दुपारपर्यंत एक अख्खा वर्ग तपासून झाला. तोवर आमच्या तीन रिंगा निघाल्या होत्या, त्याही तुकडे तुकडे होऊन. चौथीपुढे रशीदभाईनं हात टेकले.

मास्तर उठले, वाकून चाकं पाहिली आणि लाल पेन खिशाला लावत म्हणाले, "तीन निंगाल्या ना? पंच्याहत्तर टक्के झाले. पास!"

आणि खरंच तीन लोखंडी आणि एक चंदेरी, अशा चाकांवर ती गाडी घेऊन गेले. पुढे विकलीही!

* * *

बाबाराव ठेकेदारांची तऱ्हा वेगळी. दसऱ्याला गाडीची पूजा सगळेच करतात. हळदकुंकू, झेंडूचा हार, चाकाखाली लिंबू. बाबाराव मात्र चारही चाकांच्या ऐन मध्यावर चार नारळ फोडायचे. एवढ्यावर थांबतील तर ते ठेकेदार कसले? दर अमावास्येलाही चार नारळ! आणि ते पाणी कोणाला पुसू द्यायचे नाहीत. "पूजेचं पाणी हाय. जिरू द्या," म्हणायचे.

ते जिरलं. चाकाच्या मधल्या टोपणाच्या फटीतून सरळ रिंगेत जिरलं. आम्ही चाक काढलं तेव्हा आतून आधी मुंग्या निघाल्या. एक-दोन नाही, रांगच्या रांग. त्यांच्यामागे पांढरा थर, आणि त्या थराखाली कुठेतरी रिंग.

दोन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात पुसत रशीदभाई म्हणाला, "बाबारावजी, एक इनंती हाय. पुढच्या दसऱ्याले ते नारळ मले आनून द्या. मी खातो!"

* * *

वडशाकडच्या नामदेव पाटलांना आमच्यापर्यंत यायचा कंटाळा. त्यांची रिंग अडकली तेव्हा त्यांनी घरीच उपाय शोधला. दारात ट्रॅक्टर उभा होता. त्यांनी रिंगेला तारेचे वेढे घातले, तारेला दोरखंड, दोरखंड ट्रॅक्टरला. गाडी जॅकवर, आणि बघायला सगळा मोहल्ला!

ट्रॅक्टर निघाला. तार ताणली. जॅक कलंडला. गाडी तीन चाकांवर आडवी घसरत अंगणातून निघाली, तुळशीच्या कुंडीला वळसा घातला आणि रोवणी झालेल्या धानाच्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, जाऊन चिखलात बसली.

चार दिवसांनी पाटील बसनं आमच्याकडे आले. काय झालं विचारलं. त्यांचं तोंड एवढंसं झालं होतं.

"काय सांगू वसंता? गाडी आली. रिंग नाई आली!"

* * *

लग्नाचा किस्सा तर मी चारचौघांत सांगायचंच बंद केलं होतं. गडचिरोलीकडून नवरी आणायची होती. नवरदेवानं मित्राची गाडी घेतलेली. मित्राची गाडी म्हणजे आमच्या एकोणीसपैकी एक, हे ओघानं आलंच!

परतताना आरमोरीच्या अलीकडे चाक फुटलं. मॅगव्हील काढलं, स्टेपनी उचलली, आणि पुढे तेच. वऱ्हाडाची बस केव्हाच पुढे निघून गेलेली. नवरदेवानं फेटा बाजूला ठेवून रिंगेवर दगड घालायला सुरुवात केली. ऊन चढत होतं. मित्राची गाडी रस्त्यात टाकून जाता येईना. शेवटी ब्रह्मपुरीची एसटी आली, तेव्हा नवरीला आणि करवलीला त्यात बसवून दिलं. नवरी मुंडावळ्यांसकट उभ्यानं आली म्हणे, बसायला जागा नव्हती.

सासूबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभ्याच होत्या. ओवाळायला हात उचलला आणि तसाच थांबला. नवरीच्या मागे कोणीच नव्हतं.

"अन् आमचा पोरगा कुठी हाय?"

नवरी खाली मान घालून म्हणाली, "ते रिंग काढून राह्यले."

सगळी ब्रह्मपुरी हसली. मीही हसलो. रशीदभाई हसला नाही. हातातला चहा त्यानं गटारीत ओतला आणि म्हणाला, "आज नवरी होती, ते बसनं गेली. उद्या पेशंट राहीन तं? बसमंधी उभा राहून जाईन का?"

मग मी वही उघडून त्या गाड्यांची यादी करायला बसलो. आपल्या हातानं एकोणीस ठिकाणी पेरून ठेवलेली आफत. कुठली कधी उगवेल, काय सांगावं?

* * *

तेव्हा आम्ही ठरवलं, सगळ्यांना बोलवायचं. रिंग काढायची, ग्रीस लावायचं, परत चढवायची. एक पैसा घ्यायचा नाही. निरोप धाडले.

एकही माणूस आला नाही! एकानं तर बाजारात सगळ्यांसमोर सांगितलं, "फुकटात करून देतो म्हन्ते. म्हन्जे कायतरी भानगड हाय!"

मी कपाळाला हात लावला. मग मी एका पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'हबची रिंग तपासणी. फक्त निवडक गाड्यांसाठी.' दुसऱ्या दिवशी दुकानासमोर रांग! ज्यांना रिंग काय असते हे ठाऊक नाही, तेही रांगेत. एक ऑटोवाला सकाळपासून उभा. त्याला म्हटलं, भाऊ, तुझ्या गाडीत रिंग नसतेच.

तो चिडला. "काऊन? मी निवडक नाई का?"

महिनाभर हेच. रशीदभाईचा खांदा सुजला, माझ्या बोटांची सालं निघाली. पण यादीतल्या अठरा गाड्या मोकळ्या झाल्या.

* * *

राहिली एक. कुरखेड्याच्या पुढे, जंगलातल्या गावात दयाराम भाऊ राहत. धानाची शेती, घरी म्हातारी आई, आणि त्या सगळ्या गावात तेवढी एकच गाडी. तीन निरोप धाडूनही ते आले नाहीत, तेव्हा रशीदभाई आणि मी मोटारसायकलवर त्यांच्या दारात जाऊन उभे राहिलो.

दयाराम भाऊंनी पाणी दिलं, चहा दिला, मोहाची भाजलेली फुलं दिली. गाडीला मात्र हात लावू देईनात. आम्ही चूक कबूल केली, हात जोडले.

"चाक बसलं हाय ना बराबर?" ते म्हणाले. "मंग बसल्या चाकाले काऊन उठवता? रोवणी होऊ द्या, मी सोताच येतो."

त्यांच्या आईनं आतून ओसरीवर येऊन आमच्याकडे पाहिलं. "दयाराम, एवढ्या दुरून आले लेकरं. काढू दे ना काय काढते तं." पण दयाराम भाऊ हसले आणि आम्हाला वाटेला लावलं. आम्हीही निघालो. आणखी एकदा विनवलं असतं तर? हे मी आजवर स्वतःला किती वेळा विचारलं असेल, मोजलं नाही.

रोवणी संपत आली होती. एका सकाळी कुरखेड्याच्या एसटीडी बूथवरून फोन आला. दयाराम भाऊंची आई अंगणात घसरून पडली होती. मांडीचं हाड मोडलं. तिला गाडीत निजवून दवाखान्यात नेताना जंगलात टायर चिरला, आणि स्टेपनी बसत नव्हती. सांगायला एक माणूस सायकलनं कुरखेड्यापर्यंत आला होता; तिथे दुसरी गाडी मिळाली नाही म्हणून त्यानं आम्हाला फोन लावला.

रशीदभाईनं हत्यारांची पिशवी उचलली. मी मोटारसायकल काढली.

पोचायला दीड तास लागला. गाडी रस्त्याच्या कडेला जॅकवर उभी. जवळ दयाराम भाऊंचा जावई एकटाच बसलेला. तो म्हणाला, तासभर ठोकून पाहिलं, दुसरी गाडी येईना, माय तर कण्हत होती. मग शेजारच्या टोल्यावरून, चार घरांच्या वस्तीवरून, दोरीची बाज आणि माणसं आणली, बाजेला बांबू बांधले आणि चौघांनी तिला खांद्यावर घेतलं. रस्ता वळसा घालून जातो, म्हणून जंगलातल्या पायवाटेनं निघाले.

रशीदभाई हबसमोर बसला. छन्नी लावली. एक ठोका. दुसरा ठोका.

रिंग निघाली.

अख्खी, न तुटता, टुणकन खाली पडून रस्त्यावर गरगर फिरली. इतक्या महिन्यांत इतकी सहज एकही निघाली नव्हती. रशीदभाई तिच्याकडे बघत राहिला आणि लहान मुलासारखा रडायला लागला. स्टेपनी मी चढवली.

जावयानं किल्ली दिली आणि आमची मोटारसायकल घेऊन मागे राहिला. रशीदभाईनं गाडी सोडली ती सुसाट. कुरखेडा दीड-दोन कोसांवर असताना पायवाट रस्त्याला मिळते, तिथे ते दिसले. पुढच्या बांबूखाली दयाराम भाऊंचाच खांदा होता. अंगातला सदरा घामानं चिकटलेला, पाय चिखलात माखलेले.

मी उतरून धावत गेलो. "भाऊ, बसलं चाक! आईले गाडीत घ्या!"

दयाराम भाऊ थांबले नाहीत. माझ्याकडे बघितलंही नाही.

"एकदा चढवलं तिले. मंग उतरवलं. दोन्ही बखत कशी वरडली, तुमी आयकलं नाई, मी आयकलं. आता तिसऱ्यांदा हात नाई लावू देत."

बाकीचे तिघंही चालतच राहिले. मी बाजेला खांदा द्यायला गेलो, तर त्यांनी डोळ्यानंच नको म्हटलं. मग मी नुसता बाजेच्या बाजूनं चालू लागलो. मागे रशीदभाई. गाडी पहिल्या गिअरमध्ये, माणसाच्या चालीनं, चारही चाकं ठणठणीत. कोस गेला तरी असंच.

म्हातारीचं तोंड मागच्या बाजूला होतं. ती बराच वेळ त्या गाडीकडे टक लावून बघत होती. मग तिनं हलकेच हाक मारली.

"दयाराम, ते आपलीच गाडी हाय ना रे?"

"हो माय."

"अंदर कोन बसलं हाय?"

दयाराम भाऊंनी खांदा बदलला. "चालवनारा सोडला तं रिकामीच हाय, माय."

म्हातारीनं पुन्हा एकदा गाडीकडे पाहिलं. मग माझ्याकडे मान वळवून तिनं विचारलं,

"मंग ते आपल्या मांगं मांगं कायले येऊन राह्यली?"