बैलजोडीची केबल

दादा गेल्याचा फोन आला, तेव्हा मी कॉलेजच्या ऑफिसात कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावत होतो. प्रश्नपत्रिका छापायच्या होत्या. पेन ड्राइव्ह जाईना. उलटा केला, तरी जाईना. पुन्हा सुलटा केला, तर गेला. आमचे शिपाई तात्या म्हणाले, "सर, आधी पन असाच धरला हुता की तुमी." आम्ही दोघं हसत होतो, तेवढ्यात रज्जाकभाईचा फोन आला. "सर, दादा गेले," एवढंच म्हणाला. प्रश्नपत्रिका मग तात्यांनीच छापून घेतल्या.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, भानुदास. घोडेगावात त्याचा लग्नाच्या शूटिंगचा स्टुडिओ. शूटिंग दादा करायचा, एडिटिंग रज्जाकभाई. व्हिडिओच्या सुरुवातीला येणारा मजकूर, 'चि.' आणि 'चि. सौ. कां.' सकट, मी लिहून द्यायचो. अशा ठिकाणी किस्से कसे साठतात, हे केबलींच्या खोक्यात हात घातल्याशिवाय कळत नाही. एक ओढायला जावं, तर तिच्याबरोबर चार वर येतात. गेले कित्येक दिवस आम्ही त्या खोक्यात हात घालून बसलोय.

त्याला कारण वहिनी. तेरावा झाल्यावर त्या स्टुडिओत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, साऱ्या तालुक्याची लग्नं ह्यांनी काढली. ह्यांचा सोताचा एक व्हिडिओ न्हाई. निदान आवाज तरी असंल कुठं?"

रज्जाकभाई म्हणाला, "आवाज हुता, वहिनी. कॅमेऱ्यामागून सारखे बोलायचे. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी मी कापून टाकायचो. कामच हुतं ते माझं."

न कापलेलं जुनं शूटिंग फक्त एका काळ्या हार्ड डिस्कवर होतं. डिस्क कपाटात सापडली. तिची केबल सापडली नाही.

*

केबलीच्या टोकाला आमच्याकडे सगळेच पिन म्हणतात. बारीक पिन, चपटी पिन, सी पिन. या डिस्कची पिन मात्र निराळी. एकाच टोकाला शेजारी शेजारी दोन भाग, एक रुंद, एक अरुंद. दादानं ती पहिल्यांदा हातात घेतली आणि म्हणाला, "ही तर बैलजोडी हाय. एक बैल थोराड, एक बारका." तेव्हापासून स्टुडिओत तेच नाव.

एकदा पुणतांब्याला लग्न होतं. दादा आणि रज्जाकभाई पुढे गेले होते, टेम्पोवाला नामदेव लाइटचं सामान घेऊन मागून निघणार होता. कॅमेऱ्याचं कार्ड भरत आलं. डिस्कवर उतरवावं, तर केबल स्टुडिओतच राहिलेली. दादानं फोन लावला. "नामदेव, येताना बैलजोडी आन. काळी. बारकी असली तरी चालंल, पन घट्ट बसली पाहिजे."

नामदेव कामावर नवा होता. त्यात तो घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराचा दिवस.

वऱ्हाड मारुतीच्या देवळापाशी पोचलं, तेव्हा टेम्पो आला. मागे लाइटचे स्टँड आणि त्यांच्या मधोमध दोन काळे गोऱ्हे. नामदेव घाम पुसत म्हणाला, "दादा, ओळखीवर मागून आनलीत. आन घट्ट बसवलीत. चारी बाजूंनी दोरखंड हाय."

नवरदेवाच्या वडिलांना वाटलं, स्टुडिओकडून सरप्राइज आहे. त्यांनी गावातून छकडा मागवला. नवरदेव गोऱ्ह्यांच्या छकड्यातून मांडवात आला, पोरं नाचली, म्हाताऱ्यांनी फेटे उडवले. दादा कॅमेरा खांद्यावर घेऊन शेवटपर्यंत पुढेमागे पळत होता.

कार्ड केव्हाच भरलं होतं.

*

पुढे ती केबल सैल झाली. पिनीवर काहीतरी वजन ठेवलं तरच डिस्क चालायची. दादानं लग्नात मिळालेला एक नारळ त्या कामाला लावला. नारळ ठेवला की डिस्कचा दिवा लागायचा, उचलला की विझायचा. शिवाय दादा कॉपी कधी करायचा नाही, सरळ कट-पेस्ट. जागा मोकळी होते म्हणायचा.

एकदा कार्डावरचं लग्न असंच डिस्कवर चाललं होतं. वहिनींकडे नगरहून कोणी पाहुणीबाई आल्या. ओटी भरायला घरात नारळ नव्हता. घर स्टुडिओच्या मागेच. वहिनी आल्या आणि नारळ घेऊन गेल्या.

व्हिडिओ सप्तपदीच्या चौथ्या पावलावर थांबला. पुढचं ना कार्डावर, ना डिस्कवर.

दादा म्हणाला, "सुनंदा, त्या नारळावर लगीन चाललं हुतं."

वहिनी म्हणाल्या, "मग त्याला कुंकू कशाला ठेवलं? पुसून ठेवायचा. मला काय ठावं, तुमच्या मशिनीला नारळ लागतो?"

मुलीचे वडील व्हिडिओ बघायला आले. त्यांनी पावलं मोजली. "चारच हायेत. बाकीची तीन?"

दादा म्हणाला, "ती आता संसारात टाकतील, काका."

काकांनी थोडा विचार केला आणि पटल्यासारखी मान हलवली.

*

सैल केबल शेवटी पार बिघडली आणि कुठे गेली, कोणालाच आठवेना. पण तसलीच एक केबल दादानं शनिशिंगणापूरच्या एका गिऱ्हाइकाला डिस्कबरोबर दिल्याचं रज्जाकभाईला आठवलं. आम्ही दोघं गाडीवर निघालो.

घर जुन्या पद्धतीचं. चौकट आहे, दार नाही, पडदा आहे. मालक नव्हते. त्यांच्या मंडळींना रज्जाकभाईनं केबल कशी असते ते हातवारे करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती काळी दोरी व्हय? लई चिवट हाय. तिच्यावरच तर पडदा हाय."

खरंच होतं. चौकटीत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणून बांधलेली आमची केबल, आणि तिच्यावर फुलाफुलांचा पडदा.

रज्जाकभाईचा चेहरा इतका उजळला की बाईंना शंका आली. "अवो, घराला दार न्हाई, त्यात पडदा बी नेता व्हय?"

मी सगळं सांगितलं. दादाचंही. त्यांनी आतून सुतळी आणली, स्टूल आणलं, आणि म्हणाल्या, "काढा."

मी स्टुलावर चढलो. एक टोक गाठीचं होतं, ते सुटलं. दुसरं टोक खिळ्यानं चौकटीत ठोकलेलं होतं. थोराड बैल आणि बारका बैल, आणि बरोबर दोघांच्या मधून खिळा.

आम्ही पडदा सुतळीवर नीट लावून दिला आणि परत आलो.

*

मग ऑनलाइन मागवली. फोटोत बैलजोडी स्पष्ट दिसत होती. पार्सल आलं, त्या दिवशी रज्जाकभाईनं दुकानाचं अर्धं शटर ओढून घेतलं, मध्ये कोणी फोटो काढायला यायला नको म्हणून. वहिनी समोर खुर्ची घेऊन बसल्या. केबल डिस्कला लावली. अशी घट्ट बसली की नामदेव तिथे असता तर खूश झाला असता.

रज्जाकभाईनं दुसरं टोक हातात घेतलं आणि तसाच उभा राहिला. दुसऱ्या टोकाला सी पिन होती. स्टुडिओचा कॉम्प्युटर दादाच्या उमेदीतला. त्याला सी पिनीचं भोकच नाही.

रज्जाकभाई तसाच नगरला गेला, सी पिन जुन्या भोकात बसवणारी जोडणी आणायला. दुकानदारानं दिली ती नेमकी उलटी निघाली. परत फोन केला, तर म्हणतो, "तुमचा कॉम्प्युटरच जुना हाय. तो बदला."

रज्जाकभाई फोन ठेवून म्हणाला, "ऐका, सर. एका केबलीपायी आता कॉम्प्युटर बदलायचा."

वहिनी म्हणाल्या, "बदला."

माझ्या साडूकडे नवा लॅपटॉप आहे, त्याला सी पिन चालते. दुसऱ्या दिवशी तो आणायचं ठरलं.

*

पण त्याच दुपारची गोष्ट. रज्जाकभाई आणि मी दारात उभं राहून चहा घेत होतो. वहिनींना स्वस्थ बसवत नाही. त्या खोक्यातल्या केबली सोडवून एकेकीचं वेटोळं करत होत्या. मध्येच म्हणाल्या, "भाऊजी, ही बसतीय की."

त्यांच्याच जुन्या मोबाईलच्या चार्जरची केबल होती. साधी, बारीक पिनीची. डिस्कच्या रुंद भागात ती बसली होती. शेजारचा अरुंद भाग मोकळा.

रज्जाकभाई ओरडला, "वहिनी, ती मोबाईलची हाय, मोडंल..."

वहिनींनी तोवर दुसरं टोक कॉम्प्युटरला लावलं होतं.

डिस्कचा दिवा लागला. आत घरघर सुरू झाली. रज्जाकभाईनं चहाचा कप तसाच कीबोर्डशेजारी ठेवला, जे तो दुसऱ्या कोणाला कधी करू देत नाही. "एकाच बैलावर निघाली, सर," तो म्हणाला. "हळू चालंल. पन चालंल."

स्क्रीनवर फोल्डर उमटायला लागले. एक उमटला, मग बऱ्याच वेळानं दुसरा. रज्जाकभाईनं हाताला येईल तो उघडला. कुठलंतरी लग्न. मांडव, अक्षता, घामेजलेले भटजी. आणि अगदी जवळून दादा म्हणाला, "ओ मामा, मागं सरा. नवरदेव तुमी न्हाई."

वहिनी हसल्या. पदर तोंडाला लावून, पण चांगलं मोठ्यानं हसल्या. रज्जाकभाई म्हणाला, "हे वाक्य मी निदान शंभर लग्नांतनं कापलंय."

पुढच्या क्लिपमध्ये कॅमेरा स्टँडवर चालूच राहिलेला. समोर रिकाम्या खुर्च्या आणि एक कुत्रं. माणूस कोणी नाही. फोन वाजतो आणि दादाचा आवाज येतो, "हां, सुनंदा. जेवलो. व्हय, मगाशीच. पोटभर. न्हाई गं, खोटं कशाला बोलू?"

लगेच लांबून कोणीतरी हाक मारतं, "भानुदास, ये लवकर, शेवटची पंगत बसलीय."

वहिनी ताडकन उठल्या. स्क्रीनकडे बोट करून मला म्हणाल्या, "बघा भाऊजी. जेवले नव्हते."

मग खुर्ची पुढे ओढून बसल्या. "रज्जाकभाई, परत लावा."

केबल काढायच्या आधी स्क्रीनवर इजेक्ट दाबावं लागतं. वहिनींनी ते अजून कोणाला दाबू दिलेलं नाही.