दवाखान्यातल्या पाट्या

बथशेबा झिराडकर पनवेलच्या एका धर्मार्थ दवाखान्यात नर्स होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. शनिवारी सिनेगॉगमध्ये प्रार्थनेला जायची, बाकीचा सगळा आठवडा दवाखान्यात.

दुसऱ्या महायुद्धात कागद मिळेनासा झाला. दवाखाना चालवणारे तुळशीराम शेठ आधी म्हणाले, पाठकोऱ्या कागदांवर लिहा. मग जुनी पाकिटं उलटी करून वापरायला लावली. तीही संपली तेव्हा बथशेबानेच तोडगा काढला. शाळेतल्या पोरांच्या असतात तशा पाट्या आणायच्या, प्रत्येक खाटेच्या डोक्याशी खिळ्याला टांगायच्या आणि ताप, औषध, सुई, सगळं त्यांवरच लिहायचं. शेठ खूश झाले. कोणी पाहुणा आला की त्याला पाट्या दाखवून म्हणायचे, "ही आमच्या बाईंची युक्ती." तिलाही ते ऐकायला बरं वाटायचं.

चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात गव्हाण गावच्या दादूला बैलगाडीतून आणलं. होडी किनाऱ्यावर ओढताना ती त्याच्या पायावर कलंडली होती. सोबत बायको, भामा. डॉक्टरांनी पाय बांधला आणि बथशेबाला बजावलं, "कळ सोसेना झाली तर मॉर्फियाची सुई द्या. पण लागोपाठ दोन नकोत. मधे बरेच तास जायला हवेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी बथशेबा जेवायला घरी गेली होती आणि भामा विहिरीवर. दादू ओरडायला लागला म्हणून डॉक्टरांनी स्वतःच सुई दिली, पाटीवर तसं लिहिलं आणि एका अडलेल्या बाळंतिणीसाठी सायकलवरून शिरढोणला गेले. भामा पाणी घेऊन आली. तिने नवऱ्याचं घामेजलेलं अंग ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकं पाटीच्याच खिळ्याला अडकवलं.

बथशेबा परतली तेव्हा दादू अजून तळमळत होता. तिने फडकं उचललं. खाली पाटी कोरी होती, ओली.

"भामा, डॉक्टर येऊन सुई देऊन गेले का गं?"

"नाय बाय, कोन नाय आला."

दादूने पुन्हा किंकाळी फोडली. बथशेबाने क्षणभर पाटीकडे पाहिलं आणि सुई भरली.

संध्याकाळपर्यंत दादूचा श्वास मंदावत मंदावत थांबला. डॉक्टर परत आले आणि काय झालं ते उघड झालं.

शेठनी दुसऱ्या दिवशी विचारलं, "पाटी पुसली कोणी?"

"माझाच हात लागला असेल," बथशेबा म्हणाली. ओल्या फडक्याचं तिने नाव काढलं नाही. भामाच्या कपाळी आणखी ते कशाला?

पण कंपाउंडर दयारामने ते फडकं पाहिलं होतं. बाई उगाच बदनाम होतात असं वाटून, भल्या मनाने, त्याने गव्हाणच्या माणसांना खरं काय ते सांगून टाकलं.

बथशेबा गव्हाणला गेली, तेव्हा भामा दारातच बसून होती.

"चूक माझी आहे, भामा. पाटी ओली दिसत होती, मी थांबायला हवं होतं."

"तुमी नाय, बाय. मीच मारला त्याला. मना अक्षर येत असता तं फडका तितं लावला असता का?"

 बथशेबा तशीच परतली.

तिने शेठना विनवलं, निदान सुईची नोंद तरी कागदावर होऊ दे. "कागद आणू कुठून?" शेठ म्हणाले. पाट्या तशाच राहिल्या. सुई द्यायची वेळ आली की ती दुसऱ्या कोणाला तरी पुढे करायची, म्हणून तिला मलमपट्टीच्या कामावर बसवलं.

पुढच्या वर्षी भामाच्या लेकीला हिवताप आला. शेजाऱ्यांनी गाडी जोडली, पण भामा पोरीला कवटाळून बसली. "त्या दवाखान्यात नाय," एवढंच म्हणत राहिली. पोर गेली. बाजारात गव्हाणच्या एका मासळीवालीने बथशेबाला हे सांगितलं. ती मासळी न घेताच घरी आली.

युद्ध संपलं, कागद मिळू लागला, शेठनी केसपेपर छापून घेतले. बथशेबाची बहीण कुटुंबासह इस्रायलला निघाली, तूही चल म्हणून मागे लागली. "तिथे जाऊन काय विसरणार आहे मी?" बथशेबा म्हणाली आणि राहिली. साठ साली ती दवाखान्यातून निवृत्त झाली. त्यानंतर गल्लीत कोणाला बरं नसलं आणि तिला बोलवायला कोणी आलं, तर ती दारातूनच सांगायची, मला त्यातलं काही कळत नाही.