आत्याचा पांगुळगाडा

पहिल्या वाढदिवसाला काय न्यावं, हा प्रश्न आमच्या ताडकळसच्या शाळेत माझ्याकडं येतो. मी वीस वर्षं पहिलीच्या वर्गावर आहे. लेकरांत राहून हिला लेकरांचं सगळं कळतं असा लोकांचा समज झालाय, आणि तो मी कधी खोडून काढलेला नाही. मधल्या सुट्टीत कुणीतरी डबा घेऊन शेजारी सरकतं आणि हळूच विचारतं, "बाई, रविवारी साडूच्या लेकराचा वाढदिवस हाय. स्वस्तात बसंल, पन हलकं दिसणार न्हाई असं काय न्यावं?"

मग मी चपातीचा घास हातात धरून व्याख्यान देते. कपडे न्यायचे तर दोन वर्षांच्या मापाचे न्या. सगळे एक वर्षाचंच माप आणतात आणि ते लेकराला दीड महिन्यात आखूड होतं. जाड काठाची स्टीलची वाटी आणि बुटका चमचा न्या, रोज हाताशी लागतात. मोठा रबरी चेंडू न्या, तोंडात मावणार नाही एवढा. गाणी म्हणणारी बॅटरीची गाडी नेऊ नका, आठ दिवसांत तिचा आवाज बसतो आणि मग ती कपाटावर जाऊन पडते. आणि भिंतीवरचं घड्याळ तर मुळीच नको. आमच्याकडं लोक वर्षाच्या लेकराला घड्याळ देतात. त्याला कुठं वेळेवर जायचं असतं, देव जाणे.

शेवटी एक गोष्ट मी न चुकता सांगते. आधी लेकराच्या आईला फोन लावा. रांगतंय का, दात किती आले, सध्या कशाच्या मागं लागलंय, ते विचारा आणि मगच बाजारात जा.

हे सगळं शहाणपण दुसऱ्यांसाठी होतं, हे मला माझ्या भाचीच्या वाढदिवसाला कळलं.

माझा धाकटा भाऊ येलदरीला असतो. धरणातली मासळी घेऊन जिंतूरच्या बाजारात विकतो. आमची माय त्याच्याकडंच राहते. त्याचं लग्न उशिरा झालं, भावजय एम.ए. झालेली, बोलायला कमी. मला तिचं न बोलणं जरा लागायचं. मला वाटायचं, शिकलेली म्हणून नाक वर करते. तिलाही माझं बोलणं जास्त वाटत असणार. बारशाला मी गेले, भाचीच्या कानात नाव सांगितलं, कुंची घातली, आणि त्यानंतर वर्षभर माझं तिकडं जाणं झालं नाही. शाळा होती, पोराची बारावी होती, गुडघा दुखत होता. सबबी मला कधी कमी पडल्या नाहीत. भावाला फोन करायचे. "कशी हाय लेकरू?" "मजेत हाय." झालं. तो गाडीवर असायचा, मी घाईत असायचे.

वाढदिवसाचं आवतन आलं तेव्हा मी फार विचार केला नाही, कारण काय न्यायचं ते मी आधीच ठरवलं होतं. लाकडी पांगुळगाडा. आमच्या माहेरी आम्ही भावंडं त्यालाच धरून चालायला शिकलो. आता तो कुणी करत नाही, सगळीकडं ते प्लॅस्टिकचं गोल वॉकर झालंय, ज्यात लेकरू चालत नाही, नुसतं टांगलेलं असतं. ताडकळसच्या बाजाराच्या कडेला एक म्हातारा सुतार बसतो. त्याला सांगितलं तर तो हसला. "बाई, लय दिसांनी कोनी मागितला. बाभळीचा करतो. नातवंडापोतूर टिकंल." तीन चाकं, धरायला आडवी दांडी, दांडीला दोन लाल मणी, लेकराला फिरवायला. साडेतीनशेत काम झालं. एवढ्या पैशात चांगला फ्रॉकसुद्धा आला नसता. मी स्वतःवर भयंकर खूश होते.

तो गाडा घेऊन तीन एसट्या बदलायच्या होत्या. ताडकळस ते परभणी मी तो मांडीवर घेतला. परभणी ते जिंतूर गर्दी होती, तर तो वाटेत उभा केला आणि प्रत्येक गचक्याला तो आपल्या पायांनी निघाल्यासारखा ड्रायव्हरकडं जायचा. कंडक्टर म्हणाला, "बाई, तुमचं हाफ तिकीट हाय, पन याचं फुल लागंल. तुमच्यापेक्षा जास्त फिरायलाय." सगळी गाडी हसली. मीही हसले. समोरच्या बाईनं विचारलं, नातवाला का? मी ऐटीत सांगितलं, भाचीला, मी आत्या आहे. जिंतूरहून पुढच्या गाडीत जागा मिळाली. उन्हं कोवळी होती, दोन्ही अंगाला ज्वारी उभी होती, आणि मला वाटत होतं की एवढा विचार करून आणलेला आहेर आज दुसऱ्या कुणाचा नसणार.

दारापुढं मांडव टाकला होता. आधी त्रिशरण, पंचशील झालं, मेणबत्त्या लावल्या, खीर वाटली, मग केक कापला. भाची गोरीमोरी झाली होती, मोठ्या डोळ्यांनी सगळ्यांकडं बघत होती. भावजय तिला कडेवरून खाली ठेवीतच नव्हती. चार बाया म्हणाल्या, "आण इकडं, उतरव की खाली, बघू तरी." ती नुसती मान हलवायची आणि लेकरू या कडेवरून त्या कडेवर घ्यायची. मी मनात म्हटलं, नवा फ्रॉक मळंल म्हणून चाललंय सगळं.

आमच्याकडं आहेर माईकवर पुकारतात. लग्नात पुकारतात, आता वाढदिवसालाही पुकारतात. भावाचा एक दोस्त माईक धरून उभा होता. मामाकडून चांदीचे वाळे. शेजाऱ्यांकडून ड्रेस. घड्याळही आलं होतं, ते पुकारताना मी तोंडाला पदर लावला. माझी पाळी आली तेव्हा मी मुद्दाम उठून त्याच्या कानात सांगितलं की नीट पुकार, आत्याकडून म्हण. त्यानं मनापासून पुकारलं. "बाळाच्या आत्याकडून... पांगुळगाडा!" आणि गाडा दोन्ही हातांनी डोक्यावर धरून चारी बाजूंना दाखवला.

मांडवात बायांमध्ये कुजबूज सुरू झाली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. मी भावजयीकडं पाहिलं. तिचा चेहरा उतरला होता. तिनं लेकराचे पाय पदराखाली घेतले आणि कुणाकडं न बघता घरात निघून गेली.

मला काही कळेना. मायनं माझा दंड धरून मला चुलीकडं ओढलं. "तुला बी आजच्या दिवशी हाच गाडा सापडला का गं?"

"का, काय झालं?"

"लेकरू उभं राहीना. नऊ महिन्याची रांगाया लागली, अन् तितंच थांबली. धरून उभं केलं तर पाय दुमडून घेती. सगळा गाव विचारायलाय, पायात काई हाय का म्हून. अन् सख्खी आत्या माईकवर गाडा द्यायलीय."

मी म्हटलं, "मग मला फोनवर सांगितलं का नाहीस?"

"तिनं शपथ घातली व्हती. कोनाला सांगू नका म्हनली."

मी तशीच आत गेले. भावजय भिंतीला टेकून बसली होती, लेकरू मांडीवर. दस्तीनं डोळे पुसत होती आणि लेकरू तीच दस्ती ओढत होतं. मी खाली बसले. मला वाटलं होतं, टोमणा नव्हता एवढं शपथेवर सांगितलं की मिटेल.

"मला खरंच ठाऊक नव्हतं गं. टोमणा मारायला एवढ्या लांबून लाकूड वाहत आले असते का? मला कुणी सांगितलंच नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. इतकं सरळ तिनं आधी कधी पाहिलं नव्हतं.

"टोमना असता तर बरं झालं असतं, ताई. मला वाटलं असतं, तुमाला मालूम तरी हाय. लेकराच्या पायाचं गावातल्या किराना दुकानवाल्याला मालूम हाय. आत्याला न्हाई." लेकराच्या हातून दस्ती सोडवत म्हणाली, "वरसात एकदा तरी मला फोन लावला का तुमी? ह्यांना लावता. मला न्हाई."

मला लाज वाटली, तिची नव्हे, मांडवाची नव्हे, स्वतःची. शाळेतल्या कुणाच्या साडूच्या लेकराची चौकशी मी करायला लावत होते, आणि माझ्या रक्ताच्या लेकराला दात किती आले ते मला माहीत नव्हतं. शेवटी मी तेच विचारलं. "दात किती आले गं तिला?"

ती रडता रडता जरा हसली. "सहा."

चार वाजताच्या गाडीनं परतायचं ठरलं होतं. मी गेले नाही. शाळेत फोन करून दोन दिवसांची रजा सांगितली. भाऊ म्हणाला, "अक्का, कधी नव्हं ते राहायलीस?" मी त्याला म्हटलं, "तू गप. 'मजेत हाय' म्हणे." त्यानं बायकोकडं बघितलं आणि मुकाट्यानं मांडवाचे बांबू सोडायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भांडी घासताना भावजय बोलली. एका बादलीशी दोघी बसलो होतो, ती राख लावून घासायची, मी विसळायचे. जिंतूरच्या डॉक्टरांना दाखवून झालं होतं, परभणीच्या बालरोगतज्ज्ञांनाही. त्यांनी कंबर, पाय, सगळं तपासलं आणि सांगितलं की दोष काही नाही, काही लेकरं निवांत असतात, तीन महिन्यांनी पुन्हा आणा. "पन डॉक्टर एकदा सांगतेत, ताई. अन् बाया रोज विचारतेत." तिला झोप लागत नव्हती. ती रोज ओसरीत लेकराला काखेत धरून उभं करायची आणि कुणी रस्त्यानं आलं की पटकन कडेवर घ्यायची. हे सगळं ती एकटीनं करत होती. मला वाटत होतं ती नाक वर करते.

भाचीनं माझा गाडा मात्र मनावर घेतला. उठायला नाही. तिनं तो आडवा पाडला, शेजारी फतकल मारली आणि सकाळभर त्याचं चाक फिरवत बसली. फिरवायची, थांबायची, माझ्याकडं बघायची, पुन्हा फिरवायची. मी म्हटलं, "ही मेकॅनिक होणार, हिला चालून काय करायचंय?" आणि लगेच जीभ चावली. पण भावजय मोकळं हसली. त्या घरात लेकराच्या पायांवरून कुणी पहिल्यांदाच हसलं असावं.

परतल्यावर मी दर बुधवारी तिला फोन लावायला लागले. तिला, भावाला नाही. सुरुवातीला मीच बोलायचे. मग हळूहळू ती बोलायला लागली आणि मला कळलं की ती कमी बोलणारी नाहीच, तिला कुणी विचारत नव्हतं. लेकरानं काय खाल्लं, कुठला नवा शब्द काढला, कोण बाई काय बोलून गेली. पायांचं मी विचारत नसे. ती आपणहून सांगायची, "न्हाई अजून." मी म्हणायचे, "बरं." मध्ये एकदा जाऊनही आले. हातात काही नेलं नव्हतं, ओट्यातले हरभऱ्याचे डहाळे तेवढे. दिवसभर बसून राहिले, बस्स.

होळी होऊन गेली होती. ऊन तापलं होतं, शाळा सकाळची झाली होती. पहिलीचा वर्ग पाढे म्हणत होता आणि टेबलावर फोन थरथरायला लागला. भावजयीचं नाव दिसलं. तो बुधवार नव्हता, आणि तिनं आपणहून मला कधी फोन केला नव्हता. वर्गाला हातानं गप्प करून मी व्हरांड्यात आले.

"काय गं, काय झालं?"

ती हळूच, कुणी निजलेलं जागं होईल अशा आवाजात बोलायला लागली.

"ताई, उभी राहिलीय. पान्याच्या टाकीला धरून. आता, आता उभी हाय, माझ्याम्होरं. मी हालतबी न्हाई. हासायलीय बगा."

"अगं, मग नवऱ्याला हाक मार! मायला बोलव!"

"ते जिंतूरला गेलेत. माय मागं शेळ्याकडं हायत. बोलावते. म्हनलं, आधी तुमाला सांगावं."